हिरवा वायसर

डुलूथ, १४ सप्टेंबर २०१८

व्हर्लिन,

'प्रिय' लिहायची हाताची सवय मोडायला चार वर्षं लागली, म्हणून नुसतं नाव. फोन केला असता तर तू "मार्लिस, आता कशाला ते" म्हणून ठेवून दिला असतास. कागद निदान फाडायला तरी हातात धरावा लागतो.

तुझी पुस्तिका मिळाली. आपल्या बिअर क्लबातल्या सगळ्यांना तू एकेक पाठवलीस, मला सोडून. माझ्याकडे बड लिंडहोल्म घेऊन आला. 'घरी बिअर करणाऱ्यांनी भांडं कसं निवडावं.' वर तुझा फोटो, ॲप्रन घातलेला, हातात लांब पळी. सेंट क्लाउडला दुकान थाटल्यापासून तू ॲप्रन घालायला लागलास वाटतं. आपल्या सतरा वर्षांच्या संसारात कधी दिसला नाही.

मी वाचली, कारण मी भांडं घेणार आहे. सहा वर्षांनी. गॅरेजमधला तो कोपरा परवा झाडून काढला.

तू लिहितोस, पाच गॅलन बिअर करायची तर साडेसात गॅलनचं भांडं पुरतं. मी दहाचं घेणार. हॉप्सची फुलं टाकल्यावर फेस कसा अंगावर येतो ते तुला ऐकूनच माहीत आहे. त्या वेळी तू नेमका आत मॅच बघायला गेलेला असायचास, पळी घेऊन मी उभी असायचे. तू लिहितोस, ॲल्युमिनियमही चालतं, लवकर तापतं. चालतं की. पण मी स्टीलचं घेणार, आणि तेही जाड बुडाचं. शाळेच्या स्वयंपाकघरात एकवीस वर्षं मी रोज तीनशे पोरांचं सूप उकळतेय. पातळ बुडाला माल्टचा काढा कसा धरतो आणि सगळ्या बिअरला करपट वास कसा येतो, हे मला पुस्तिकेतून शिकायला नको.

हे सगळं मी हसत वाचलं. मग शेवटचं पान आलं. 'सुरक्षितता.'

तू लिहिलंयस: 'माझ्या एका जवळच्या व्यक्तीच्या निष्काळजीपणामुळे झालेला भीषण अपघात मी डोळ्यांनी पाहिला आहे. उकळत्या भांड्याजवळ लक्ष हवं. पिऊन तर तिकडे फिरकूच नये.'

पिऊन. त्या दिवशी मी अर्धा ग्लास घेतला होता, आणि तो तूच हातात दिला होतास, मागच्या वेळची बिअर कशी झालीय बघ म्हणून.

माझे भाजलेले पाय तू पुस्तिकेत छापलेस, व्हर्लिन, आणि मला विचारलंही नाहीस. पुढच्या छपाईत ते पान काढ. एवढंच सांगायला लिहिलं. सध्या तरी एवढंच.

मार्लिस


डुलूथ, २ ऑक्टोबर

व्हर्लिन,

तुझं कार्ड आलं. 'वाईट वाटून घेऊ नकोस, तुझं नाव कुठे घातलंय? भांडं हवं असेल तर माझ्या दुकानातून ने, निम्म्या किमतीत देतो.'

नाव घातलं नाहीस हे खरं. भर जुलैत तळ्याकाठी लांब पॅन्ट घालून बसणारी डुलूथची बाई कोण, हे क्लबात कुणालाच ओळखता येणार नाही, नाही का?

भांडं तुझ्याकडून नको. शनिवारी इथल्याच दुकानात गेले. काउंटरवरची मुलगी चुणचुणीत होती. आतून गॅलनच्या खुणा कोरलेलं एक भांडं दाखवलं, ते आवडलं. काढा किती आटला ते वाकून काठी न बुडवता कळतं. कान रुंद, रबर चढवलेले. मग तिने विचारलं, "तोटीवालं देऊ की बिनतोटीचं?"

मी म्हटलं, "तोटी वेल्डिंग केलेली आहे का?"

"नाही काकू, भोक पाडून नटाने कसलेली असते. आत-बाहेर वायसर. गळत नाही, बघा ना हात लावून."

मी हात लावला नाही. बाहेर येऊन गाडीत बसून राहिले. बिनतोटीचं घ्यावं तर दहा गॅलनचं गरम भांडं उचलून ओतायला अठ्ठावन्नाव्या वर्षी माझ्यात जोर कुठला? आणि तोटीचं घ्यावं तर ती उघडायला माझाच हात पुढे करायचा.

त्याच संध्याकाळी तोइवो आला. समोरच्या घरातला आपला तोइवो. एक्याऐंशी झाला. घर विकलं, हिबिंगला मुलीकडे चाललाय. हातात कॉफीचा जुना पत्र्याचा डबा.

म्हणाला, "हे तुझं आहे, मार्लिस. उघड."

आत तोटी होती. आपल्या भांड्याची. अपघातानंतर तुला कुठेच सापडली नव्हती ती.

"ही तुझ्याकडे कशी?"

"तुला ॲम्ब्युलन्समधून नेलं, व्हर्लिन मागोमाग गेला. मी फरशी धुवायला आलो, तेव्हा कोपऱ्यात पडलेली दिसली. दुसऱ्या दिवशी सकाळी व्हर्लिन दारात. तोटी दिसली का म्हणाला. मी नाही म्हटलं."

"का नाही म्हटलंस?"

"त्याने ज्या आवाजात विचारलं ना, त्यामुळे."

"आणि मला सांगायला सहा वर्षं लागली?"

तो टोपी हातात फिरवत राहिला. मग म्हणाला, "हिवाळ्यात मासे धरायला तो आणि मी बरोबर जायचो. तळ्याच्या बर्फावर कुणीतरी सोबत लागतं, मार्लिस. माझी बायको गेल्यापासून मला तोच होता. आणि तो सेंट क्लाउडला गेल्यावर वाटलं, आता काय सांगायचं? पण आवराआवरीत डबा हातात आला. तो मुलीच्या घरी न्यायची लाज वाटली."

मी त्याला कॉफी विचारली नाही. तोइवोला, आपल्या स्वयंपाकघरात. यावरून काय ते समज.

तोटीच्या मागच्या टोकाला काय चिकटलेलं आहे, ते मी बघितलं. मला त्यातलं कळत नाही. ज्याला कळतं त्याच्याकडे घेऊन जाणार आहे.

मार्लिस


डुलूथ, २३ ऑक्टोबर

व्हर्लिन,

आठवड्यात सहा फोन. लग्न टिकलेलं असताना वर्षात सहा केले नसतील. मी उचलणार नाही, तू दमू नकोस.

तोटी बडला दाखवली. चाळीस वर्षं गोदीत पाइप जोडलेला माणूस. त्याने डोळ्यांवर चष्मा चढवला, तोटी दिव्याखाली धरली आणि विचारलं, "हे बसवलं कुणी?"

"व्हर्लिनने. भोकही त्यानेच पाडलं."

"भोक मोठं झालंय. ते झाकायला जाड वायसर घातला, म्हणून नट पुढे जाईना. हे बघ, दोनच आटे धरलेत. आणि हा हिरवा वायसर कसला आहे ठाऊक आहे? बागेतल्या पाइपचा. उकळत्या पाण्यात हा च्युइंगगम होतो."

"सगळे म्हणतात तसं, समजा माझा पाय शेगडीच्या गॅसच्या पाइपात अडकला असेल, आणि झटका बसून..."

"झटका कशाला हवा? तू नुसती उघडलीस तरी हातात येणार. नसती उघडलीस तरी कधीतरी निखळणारच होती."

मग तो खुर्चीवर बसला. हाच बड दर उन्हाळ्यात सगळ्यांना ओरडून सांगायचा, "मार्लिसला पाइपापासून लांब बसवा रे." सगळे हसायचे, मीही हसायचे. बडने चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. शेवटी एवढंच म्हणाला, "तू आधी का नाही बोललीस?"

काय बोलणार होते? मला आठवत होतं ते एवढंच, की मी तोटीवर हात ठेवला. पुढचं सगळं तू मला सांगितलंस. पाइपात पाय अडकला, मी धडपडले, भांडं ओढलं गेलं. इतक्या वेळा सांगितलंस की पाइप मला स्वप्नातसुद्धा दिसायला लागला.

असो. तू घाबरू नकोस. मी काही करणार नाही. तोटी पुन्हा डब्यात ठेवली आहे. भांडं घेईन, बिअर करीन, विसरून जाईन. दहा नोव्हेंबरला तुझ्या दुकानात वर्ग आहे असं पुस्तिकेच्या मागे छापलंय. छान होऊ दे.

मार्लिस


डुलूथ, १२ नोव्हेंबर

व्हर्लिन,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं होतं. तुझ्याकडून शिकले.

शनिवारी काय झालं ते लिहिते. तू तिथे होतास, तरी लिहिते. घडलेली गोष्ट नंतर वेगळी सांगायची तुला खोड आहे. हे पत्र जपून ठेव. माझ्याकडे याची प्रत आहे.

अकरा खुर्च्या होत्या, मी तिसऱ्या रांगेत कडेला बसले. लोकरीची टोपी होती, त्यामुळे तू आधी ओळखलं नाहीस. डोनट वाटत तुझी नवी बायको, कोलेट, माझ्यापाशी आली. फोटोपेक्षा थकलेली वाटली. म्हणाली, "पहिलंच भांडं का?" मी म्हटलं, "नाही, दुसरं."

तू बोलायला छान लागलास. बूड, जाडी, खुणा, झाकण. लोक लिहून घेत होते. तोटीवर आलास तेव्हा मी हात वर केला आणि टोपी काढली. तुझ्या हातातला पाना टेबलावर पडला. तू तो उचललास आणि हसलास. तेवढं मात्र मानलं.

मी विचारलं, "इथे कुठला वायसर घालायचा?"

"सिलिकॉनचा," तू म्हणालास. "उष्णता सोसणारा."

"आणि घरात नसेल तर? बागेतल्या पाइपचा चालेल?"

पहिल्या रांगेतला दाढीवाला हसला. तू म्हणालास, "नाही. तो... नाही चालणार."

"कुणी घातलाच तर?"

"मार्लिस, आपण नंतर बोलू."

"मी भांडं घ्यायला आलेय. गिऱ्हाईक आहे. कुणी घातलाच तर?"

दाढीवालाच म्हणाला, "तर तो गाढव आहे."

मी उठले, डबा उघडला आणि तोटी तुझ्या टेबलावर ठेवली. मग खुर्चीवर पाय ठेवून पॅन्ट गुडघ्यापर्यंत वर केली. आधी डावा, मग उजवा. सहा वर्षांत माझे पाय मी डॉक्टरशिवाय कुणाला दाखवले नव्हते. तिथे दहा अनोळखी माणसांना दाखवले. मी म्हटलं, "पुस्तिकेच्या शेवटच्या पानावरची निष्काळजी व्यक्ती मी. आणि तोटी बसवणारा हा."

आणि तू काय केलंस? तोटी उचललीस आणि ॲप्रनच्या खिशात घातलीस. सगळ्यांदेखत. किल्ल्या घालाव्यात तशी.

पुरावा तेवढाच होता. मी तुझ्यावर धावून गेले असते, पण कोलेट काउंटरमागून आली. ओरडली नाही, आवाजही चढवला नाही.

"व्हर्लिन, खिशातलं बाहेर काढ."

"कोलेट, तुला यातलं काही..."

"दर रविवारी भांड्यापाशी मी उभी असते. बाहेर काढ."

तू काढलीस. तिने उजेडात धरून ती नीट बघितली, त्या हिरव्या चिकट्याला नख लावून बघितलं आणि माझ्या हातात दिली. मग मागच्या खोलीत गेली. आपल्या भांड्याची तोटी कुठल्या वायसरने कसली आहे ते बघायला गेली असणार. मी असते तर गेले असते.

लोक कोट घालू लागले तेव्हा मी निघाले. डोनट चांगले होते.

मार्लिस


डुलूथ, २८ नोव्हेंबर

व्हर्लिन,

चार पानांचं पत्र. तुझ्या हातचं एवढं लांब काही मी कधी वाचलं नव्हतं. दोनदा वाचलं.

तू म्हणतोस, योग्य वायसर मागवला होता, सोमवारी येणार होता, पण तुझे कंपनीतले लोक बिअर चाखायची तारीख ठरवून बसले होते, म्हणून शनिवारीच उकळायची घाई केली. मी गुरुवारी म्हणाले होते तोटी ठिबकतेय, तेही तुला आठवतं. हे सगळं मी सोसू शकते. माणूस घाई करतो, आळस करतो.

पण तिसऱ्या पानावर तू लिहिलंयस, 'मला त्याच संध्याकाळी कळलं होतं.' मी हे वाचलं आणि भांडी घासायला उठले. स्वच्छ भांडी पुन्हा घासली.

मला वाटत होतं, तू मूर्ख आहेस. मी इतके दिवस एका मूर्खावर चिडायची तयारी करत होते.

त्याच संध्याकाळी कळलं होतं, म्हणजे दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलमध्ये माझ्या उशाशी बसलास तेव्हा कळलेलं होतं. मी औषधाच्या गुंगीत रडत म्हणाले होते, "माझ्यामुळे झालं, मला माफ कर." तू माझा हात थोपटून म्हणालास, "जाऊ दे, मी माफ केलं."

आणि डिसेंबरात क्लबाची नाताळची पार्टी. बोलिंगच्या हॉलखालचं तळघर. मी कुबड्यांवर उभी राहिले आणि सगळ्यांसमोर माफी मागितली, की माझ्या वेंधळेपणामुळे त्या दिवशी सगळे घाबरले, सगळ्यांना त्रास झाला. तू शेजारी उभा होतास. लोक तुझ्या पाठीवर थाप मारून सांगत होते, किती सांभाळून घेतोस तिला. तू मान डोलवत होतास.

तू आता माझी माफी मागतोस. मला तुझी माफी नको, व्हर्लिन. ती तुझ्याकडेच ठेव. मला माझी परत हवी आहे. मी तुला जी दिली ती.

पंधरा डिसेंबरला पार्टी आहे, तेच तळघर, तीच माणसं, बहुतेक सगळी जिवंत आहेत. तिथे ये आणि सांग. पत्र पाठवलंस तर मी वाचून दाखवणार नाही. बडला निरोप दिलास तर तो सांगणार नाही, मी त्याला बजावलंय. आला नाहीस तर तोटी आणि तुझं तिसरं पान घेऊन मी तुझ्या प्रत्येक वर्गाला येईन. पाय दाखवायची आता लाज वाटत नाही.

मार्लिस


डुलूथ, २२ डिसेंबर

व्हर्लिन,

तू येशील असं मला वाटलं नव्हतं. हे कबूल करते.

अडीच तास बर्फातून गाडी हाकत आलास, कोट न काढता उभा राहिलास आणि सांगितलंस. वायसरचं, आट्यांचं, सोमवारचं. 'त्याच संध्याकाळी' हे शब्दही गाळले नाहीस. मी बोटांवर मोजत ऐकत होते, कुठे चोरतोस ते बघायला. चोरलं नाहीस. वर बोलिंगचे चेंडू गडगडत होते, म्हणून एक वाक्य तुला पुन्हा म्हणावं लागलं. ते नेमकं "तिची काही चूक नव्हती" हे होतं. दोनदा ऐकायला मिळालं.

बोलून झाल्यावर तू माझ्याकडे बघितलंस. ती नजर मला ठाऊक आहे. सतरा वर्षं त्या नजरेला मी "जाऊ दे, होतं असं" म्हणत आले. त्या दिवशीही शब्द जिभेवर आले होते. मी ओठ मिटून बसले. तू किती वेळ उभा राहिलास कुणास ठाऊक. मग बडने तुझ्यासाठी दार उघडलं आणि तू गेलास.

नंतर एकेक जण माझ्या खुर्चीपाशी आला. कुणी म्हणालं, मला तेव्हाच शंका आली होती. कुणी म्हणालं, आम्हाला काय ठाऊक. मी सगळ्यांना म्हटलं, पानात घ्या, गार होतंय.

तू पत्रात विचारतोस, 'आता तरी समाधान झालं का? की अजून काही हवंय?'

झालं. सूड घेतल्यावर माणूस आतून रिकामा होतो असं म्हणतात. मी काही रिकामी झाले नाही. घरी आले, भूक लागली होती, अंडी तळली, तीन खाल्ली आणि सकाळपर्यंत गाढ झोपले. सहा वर्षांत पहिल्यांदा. माफ केलेलं नाही. तेही विचारलंयस म्हणून सांगते.

भांडं घेतलं. दहा गॅलन, स्टील, जाड बुडाचं, आतून खुणा कोरलेलं. बिनतोटीचंच घेतलं आणि तोटी बडने गोदीतल्या मित्राकडून वेल्डिंग करून दिली. आधी नुसतं पाणी भरून उकळलं. तोटी उघडली, बंद केली, पुन्हा उघडली. तोइवोला हिबिंगला फोन करून सांगितलं. त्याच्याशी मी अजून तुटकच बोलते, पण बोलते. उद्या माल्ट भिजवणार.

आता एक शेवटचं. तू चौथ्या ओळीत विचारलंयस, कोलेट माझ्याशी काही बोलली आहे का, कारण ती घरात गप्प असते आणि वर्गाच्या दिवशी दुकानात येत नाही.

हो. तिचं पत्र आलं होतं. मी उत्तर पाठवलं, मग तिचं दुसरं आलं. तिने मला काय विचारलं, मी काय सांगितलं आणि तिने काय ठरवलं आहे, हे मी तुला सांगणार नाही. तिनेही इतक्यात सांगू नये असं मी तिला कळवलंय, आणि ती हो म्हणाली आहे. एकाच घरात, एकाच टेबलावर, सगळं माहीत असून गप्प बसलेल्या माणसासमोर रोज जेवायला बसणं कसं असतं, ते आता थोडे दिवस तू बघ.

मार्लिस